पाहुणी असेपर्यंत माग बंद

कारेनबाईंना नागपुरात एकच गोष्ट पाहायची होती: चालू असलेला हातमाग. संत्र्यांच्या बागा, तलाव, रामटेकचा डोंगर यांची माहिती मी पुण्याहून निघण्यापूर्वी काढून ठेवली होती. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, "बायका कामाला किती वाजता बसतात?"

कारेनबाई डेन्मार्कच्या. समुद्रकाठच्या एका लहान गावात शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या, उंच आणि कमी बोलणाऱ्या. त्यांच्या गावकऱ्यांची एक मदत-संस्था आहे. तिच्या पैशावर कामठीत बायकांचे विणकाम केंद्र तीन वर्षे चालले आहे. आधी छप्पर झाले, मग आठ माग आले. आता केंद्राने सुतासाठी मदत मागितली होती. सूत घाऊक घेता आले तर बायका स्वतःचा माल विणून विकतात. नाही आले तर माग नुसते उभे राहतात आणि बायका शेजारच्या पॉवरलूमवर रोजाने जातात. मदत चालू ठेवायची की थांबवायची, याबद्दल कारेनबाई परत जाऊन आपले मत देणार होत्या, आणि गावात त्यांचे मत मानले जाते.

माझ्या वृत्तपत्राने मला त्यांच्याबरोबर धाडले ते बातमीसाठी. परदेशातला धर्मादाय पैसा आपल्याकडे येतो म्हणजे नेमका कोणाच्या दारात येतो, हे वाचकांना सांगायचे होते. दुभाषाचे काम त्यातच आले.

गाडीत त्यांनी मदतीबद्दलच्या शंकेचे कारण सांगितले. आदल्या वर्षी संस्थेने एक तरुण पाहणीसाठी पाठवला होता. त्याने परत जाऊन सांगितले की माग आठही आहेत, पण आठही झाकलेले. बायका नव्या लुगड्यांत रांगेने उभ्या. दिवसभरात एकही धागा हलला नाही. केंद्र फक्त पाहुण्यांसाठी उघडत असावे.

"त्या बायकांना हे ठाऊक आहे?" मी विचारले.

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका. सांगितले तर त्या माझ्यासाठी माग चालवून दाखवतील. मला दाखवलेला माग नको, चाललेला हवा."

अट रास्त होती. मी ती पाळली.

नागपूर स्टेशन

जानेवारीची सकाळ होती. पुण्याच्या थंडीत दुपारी स्वेटर उतरतो. नागपुरात दहा वाजले तरी फलाटावरचे हमाल कानाला मफलर बांधून होते. घ्यायला घाटे आले होते. घाटे म्हणजे केंद्राचे चिटणीस, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, राहणार शहराच्या महाल भागात. त्यांचे घराणे भोसल्यांच्या काळात कोकणातून इथे आले, हे त्यांनी स्टेशनाबाहेर पडण्याआधी सांगून टाकले. केंद्राची इंग्रजी पत्रे तेच लिहितात आणि त्याबद्दल काही घेत नाहीत. हातात झेंडूचा हार आणि संत्र्यांची करंडी होती. करंडी त्यांनी मला दिली आणि हार कारेनबाईंना घातला. हार घालताना त्यांना चवड्यांवर उभे राहावे लागले.

नाश्ता स्टेशनासमोरच्या टपरीवर झाला. आपल्याकडे पोह्यांवर खोबरे-कोथिंबीर येते. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तेव्हा "वरून सांबार देऊ का?" या प्रश्नाला पुणेकराने बिचकू नये. कारेनबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. घाटे घाबरले. बाईंनी रुमालाने डोळे पुसले आणि दुसरी बशी मागितली.

कामठी

नागपूरहून कामठीला बस सतत असते. लष्कराच्या छावणीजवळ रस्ता रुंद आणि सावलीचा होतो, मग एकदम गल्ल्या सुरू होतात. बसमधून उतरताच कानावर खडखडाट आला. प्रत्येक दुसऱ्या घरातून येत होता. कारेनबाई थबकल्या. "हेच का?"

"नाही नाही," घाटे म्हणाले. "हे पॉवरलूम. आपलं केंद्र पुढे आहे. तिथे बघा कसं शांत असतं."

केंद्र खरोखरच शांत होते. विटांची एक लांब शेड, पुढे सारवलेले अंगण, अंगणापलीकडे शेवंताबाई मेश्रामांचे दोन खोल्यांचे घर. अंगणात रांगोळी होती. बायका पांढरी लुगडी नेसून दोन रांगांत उभ्या होत्या. आत बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. आठही मागांवर धुतलेल्या चादरी पांघरलेल्या आणि प्रत्येक चादरीवर मधोमध एक झेंडूचे फूल.

शेवंताबाईंनी हे केंद्र उभे केले. वय पन्नाशीचे. नागपूरच्या गिरणीत त्या सुताच्या खात्यात होत्या. खाते बंद झाले तेव्हा घरी बसलेल्या बायकांना गोळा करून त्यांनी दोन जुने माग भाड्याने घेतले, तिथून सुरुवात झाली. आवाज मोठा आहे. गिरणीत काम केलेल्या माणसांचा तो तसाच राहतो.

"या न जी, बसा न जी," त्या म्हणाल्या. या भागात 'जी' मानाचा आहे. आपसात त्या बायका एकमेकींना 'वं' म्हणतात. आणि स्वतःबद्दल बोलताना बाईही 'मी येतो, मी करतो' असेच म्हणते.

गाणे झाले, घाट्यांचे भाषण झाले, चहा आणि चिवडा झाला. मग कारेनबाईंनी माझ्याकडून विचारले की विणताना पाहता येईल का.

"पाह्यतीन न! उद्या पाह्यतीन," शेवंताबाई म्हणाल्या. "आज कसं बसाव मागावर? आज तुमी आल्या."

"थोडा वेळ चालेल, म्हणतात त्या."

"थोडा टाइम बी नाई बसत कोणी. पाव्हणी दारात अन् आमी कामाले लागलो, थे बरं दिसते का? तुमच्या पुण्यात बसतेत का?"

पुण्यात बसतात, असे मी म्हणाले नाही.

कौसल्या नावाच्या तरुण विणकरणीने कारण आणखी उलगडून सांगितले. माग भिंतीकडे तोंड करून लावलेले होते. दारातून येणारा उजेड विणणारीच्या खांद्यावरून कापडावर पडावा, अशी ती मांडणी. म्हणजे मागावर बसणारीची पाठ दाराकडे. "एवढ्या दुरून बाई आली अन् मी तिले पाठ दाखवू का?" कौसल्या म्हणाली. "माही सासू ऐकन तं मले घरात नाई घेणार."

"थे तशीबी कुठी घेते तुले," रांगेतून कोणीतरी म्हणाले, आणि सगळ्या हसल्या.

कारेनबाईंना मी सगळे शब्दशः सांगितले. त्यांनी मान हलवली. बसने आम्ही परतलो. रामदासपेठेतल्या हॉटेलच्या पायऱ्या चढताना एवढेच म्हणाल्या, "गेल्या वर्षीही चादरी होत्या."

मैदान आणि तलाव

दुसऱ्या दिवशी न कळवता, सकाळी लवकर कामठी गाठायची असे त्यांनी ठरवले. आम्ही हॉटेलच्या जिन्यावरून खाली आलो, तर खालचा सगळा पडवीवजा भाग बायकांनी भरलेला. पहिल्या बसने सगळे केंद्र आले होते, डबे आणि सतरंज्या घेऊन.

"पाव्हणीले शहरात एकटं कसं सोडाव?" शेवंताबाई म्हणाल्या. "आज तुमाले आमचं नागपूर दाखवतो."

कारेनबाईंनी विचारले, "मग आज केंद्रात कोण आहे?"

"कुलूप आहे न," कौसल्या म्हणाली.

हे भाषांतर करताना मला स्वर सपाट ठेवावा लागला.

त्यांनी आम्हाला आधी दीक्षाभूमीवर नेले. तिथे अजून मोठी इमारत नाही. मोकळे मैदान, कुंपण घातलेला एक कोवळा बोधिवृक्ष आणि वारा. पुण्याहून येणाऱ्याला इथे 'पाहण्यासारखे' काय असा प्रश्न पडेल. बायकांनी चपला दूर काढल्या आणि त्या वृक्षापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. नंतर शेवंताबाईंनी कडेच्या एका जागेकडे बोट दाखवले. छप्पन साली, वीस वर्षांपूर्वी, धम्मदीक्षेच्या दिवशी त्या तिथे उभ्या होत्या. पायी आल्या होत्या, कडेवर तान्हा मुलगा होता, आणि गर्दीत दुरून फक्त आवाज ऐकू येत होता.

"काही दिसलं नाही?" कारेनबाईंनी विचारले.

"काईच नाई दिसलं. समोर एक उंच माणूस होता. पण घरी गेलो तं मी कोणी दुसरीच होतो."

कारेनबाईंनी त्या जागेकडे पुन्हा पाहिले. त्यांनी फोटो काढला नाही. कॅमेरा गळ्यात होता.

दुपारी अंबाझरी तलावावर डबे उघडले. पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वांग्याचे भरीत. आपल्याकडची पाटवडी कोरडी आणि सभ्य असते. इथली भिवापुरी मिरचीच्या रश्श्यात बुडालेली असते. शेवंताबाई वाढत होत्या आणि कारेनबाईंनी हात आडवा केला की त्या हातावरून वाढत होत्या. डेन्मार्कमध्ये एकदा नको म्हटले की नको, हे मी सांगून पाहिले. "मंग थे लोक उपाशीच राहत असतीन," कौसल्या म्हणाली.

जेवणानंतर कारेनबाई हात धुवायला पाण्याकडे गेल्या आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरल्या. पडताना त्यांनी आवाज केला नाही. आवाज बाकीच्यांनी केला.

रामदासपेठ

रामदासपेठेत दवाखान्यांना तोटा नाही. एका डॉक्टरांनी घोटा चाचपला, हाड मोडलेले नाही म्हणाले, पट्टी बांधली आणि चार-पाच दिवस पाय टेकू नका असे बजावले. कारेनबाईंचे परतीचे तिकीट दुसऱ्या संध्याकाळचे होते. ते रद्द करावे लागले. हॉटेलची खोली दुसऱ्या मजल्यावर होती.

"माह्या घरी चला," शेवंताबाई म्हणाल्या.

निरोप मिळताच धावत आलेल्या घाट्यांनी मला बाजूला घेतले, पण आवाज बाजूला घेतला नाही. "अहो, समजावून सांगा यांना. युरोपियन बाई आहे. पलंग पाहिजे, कमोड पाहिजे. कामठीत कुठून आणणार?"

"पलंग आहे घाटे साहेब," शेवंताबाईंनी तिथूनच उत्तर दिले. "अन् दुसऱ्यासाठी खुर्चीले भोक पाडू. शेजारी सुतार आहे."

घाटे लाजून खिडकीकडे वळले. मी कारेनबाईंना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांना खुर्चीची कल्पना पसंत पडली. त्यांच्या आजीकडे तशीच होती म्हणाल्या.

पुन्हा कामठी

पलंग पुढच्या खोलीत होता. खिडकीतून अंगण आणि शेडचे दार दिसत होते. मी खाली सतरंजीवर झोपले. सकाळी जाग आली तेव्हा पॉवरलूमचा खडखडाट दूरवर चालू होता आणि शेडचे दार बंद होते.

त्या दिवशी माणसे येत राहिली. पाय कसा आहे, हे विचारायला गल्लीतले प्रत्येक घर आले. कोणी हळद आणली, कोणी तेल. पेज तीन घरांतून आली आणि तिन्ही घरच्यांसमोर थोडी थोडी खावी लागली. केंद्रातल्या बायका आळीपाळीने पलंगाजवळ बसत होत्या. बसणे हेच काम होते. आमच्याकडे आजाऱ्याला विश्रांती देतात. इथे सोबत देतात.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा शेवंताबाईंनी मला म्हटले, "इचारा यांयले. एवढ्या दुरून आमाले पैसे काहून देता तुमी? आमची ना जात ना पात, ना तोंडओळख."

कारेनबाई उशीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या की पैसे श्रीमंतांचे नाहीत. गावात संस्थेचे एक दुकान आहे. लोक वापरलेले कपडे तिथे आणून देतात, दुसरे लोक ते विकत घेतात, तो पैसा इकडे येतो. दुकानात पगारी कोणी नाही. निवृत्त बायका पाळीपाळीने उभ्या राहतात. त्याही राहतात.

हे ऐकून खोलीत एकदम बोलणे सुरू झाले. वापरलेले कपडे विकत घेतात? तिकडच्या गोऱ्या माणसांत? कोणी आजाऱ्याचे घेत असेल तर? शेवंताबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवले.

"थांबा वं. आपली भांडेवाली नाई का? जुनं लुगडं घेते अन् पातेलं देते. तसंच हाये हे. थे लुगडे घेतेत अन् माग देतेत."

मी हे सांगितले तेव्हा कारेनबाई या प्रवासात पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. मग कोणी विचारले नव्हते ते त्यांनी सांगितले. त्या दुकानात जाऊ लागल्या नवरा वारल्यावर. कपाट रिकामे करायचे होते. त्याचे दोन कोट घेऊन त्या गेल्या, आणि घरी जाववेना म्हणून तिथेच उभ्या राहून त्यांनी ते विकले. एक कोट गावच्या पोस्टमनने घेतला. हिवाळाभर तो कोट रस्त्याने येताना दिसायचा.

आपल्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात. विकत नाहीत, आणि गावातल्या गावात तर देतही नाहीत. मला वाटले होते की या गोष्टीवर कोणी तोंड फिरवील. शेवंताबाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"म्हंजे तुमच्या मालकाच्या कोटाचा आमाले माग झाला," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "कोणता वं तो? खिडकीजवळचा म्हणू आपण. त्याच्यावर कापड चांगलं येते."

कौसल्या तेवढ्यात आत आली. तिने कारेनबाईंचा पाय पाहिला, सूज पाहिली आणि म्हणाली, "बऱ्या व्हा न जी लवकर. लग्नाच्या चादरी राहून राहिल्या. तिसरा दिस हाये माग बंद आहे त्याले. माहा हप्ता गेला समजा."

"कौसल्ये! तोंड आहे का काय आहे!" शेवंताबाई ओरडल्या.

कारेनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही वाक्ये सांगितली, ओरडण्यासह. काम नाही तर पैसा नाही, हे केंद्राच्या नियमांत त्यांनी वाचले होते. त्याचा आपल्या येण्याशी संबंध त्यांनी लावला नव्हता. त्या पलंगावर ताठ बसल्या.

"माझ्यामुळे माग बंद आहेत? आजसुद्धा?"

"पाव्हणी घरात हाये तं बंदच राहतीन न," शेवंताबाई म्हणाल्या, जशी काही विचारण्यासारखी गोष्टच नव्हती.

"मग त्यांना विचारा," कारेनबाई मला म्हणाल्या, "पाहुणी असणे थांबवायला काय करावे लागते?"

मी विचारले. शेवंताबाईंनी आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे पाहिले. मस्करी नाही हे कळल्यावर त्यांनी आपली म्हण सांगितली, जी आपल्याकडेही आहे: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली. पुण्यात ही म्हण पाहुण्याला घालवण्यासाठी वापरतात. शेवंताबाईंनी ती ठेवून घेण्यासाठी वापरली.

"काम धरलं का पाव्हणी सरली," त्या म्हणाल्या. "हात तं चांगले हाये न तुमचे? उद्या लवकर उठा."

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती आवाजाने. पॉवरलूमचा खडखडाट अखंड असतो, त्यात एक ठोका दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. हा आवाज वेगळा होता. आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूने सुटायचा, दुसऱ्या बाजूला लागायचा, मग फणीचा ठोका. असे आठ माग, आणि प्रत्येकीची चाल निराळी. कारेनबाई केव्हाच उठून बसल्या होत्या. केस विंचरलेले होते.

माझ्या खांद्यावर हात ठेवून, एका पायाने लंगडत त्यांनी अंगण ओलांडले आणि त्या शेडच्या दारात उभ्या राहिल्या. आत आठ पाठी होत्या. चादरी, फुले नव्हती. पांढरी लुगडीही नव्हती. जुनेरी, काही ठिगळांची. कोणी उठले नाही. कोणी वळून पाहिले नाही. कारेनबाई तशाच उभ्या होत्या.

कौसल्या मागे न पाहता म्हणाली, "दारातून सरका वं. उजेड अडून राहिला."

मी ते सांगण्याआधीच त्या सरकल्या.

शेवंताबाईंनी कोपऱ्यातल्या चरख्याजवळ त्यांना बसवले, दुखरा पाय एका पोत्यावर ठेवला आणि कांड्या भरायला शिकवले. धोट्यात सुताची कांडी बसते. ती भरून देणारी एक लागतेच. कारेनबाईंच्या पहिल्या कांड्या वाईट होत्या. शेवंताबाईंनी एक बोटाने दाबून पाहिली आणि त्यांच्या मांडीवर परत टाकली. "ढिली हाये. धोट्यात अडकन. सोडा अन् पुन्हा भरा." आता त्यात 'जी' नव्हता. दुपारपर्यंत कौसल्याही हात मागे करून "कांडी वं!" म्हणून ओरडू लागली, आणि ते मला भाषांतरित करावे लागले नाही.

जेवायच्या सुट्टीत, भाकर हातावर घेऊन, कारेनबाईंनी आदल्या वर्षीच्या तरुणाची गोष्ट सांगितली. त्याने काय पाहिले आणि परत जाऊन काय सांगितले, तेही सांगितले. मी वाक्यामागून वाक्य मराठीत आणले. शेवटच्या वाक्याला कोणी चावत नव्हते.

शेवंताबाईंचा मोठा आवाज खाली आला. "तो पोट्टा सकाळी आला अन् संध्याकाळी गेला. आमी त्याच्यासाठी कोंबडं कापलं. दिवसभर त्याच्यासंग बसलो." त्यांनी भाकर ताटलीत ठेवली. "आमी काम करत नाई म्हणून सांगतलं त्यानं?"

"त्याने जे पाहिले ते सांगितले," कारेनबाई म्हणाल्या.

"मंग आमचं काय चुकलं?"

हे त्यांनी कारेनबाईंना नव्हे, मला विचारले. मी ते इंग्रजीत आणले.

"तुमचे काही नाही. आम्ही एका दिवसासाठी माणूस पाठवला, हे चुकले. सूत येईल. हे मी परत जाऊन सांगणार आहे. आणि आणखी एक सांगणार आहे. यापुढे तिकडून जो येईल, त्याला पाहून कोणी उठेनासे होईपर्यंत त्याने राहायचे. तोपर्यंत त्याने मत द्यायचे नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवंताबाईंनी ताटलीतली भाकर मोडली, अर्धी कारेनबाईंच्या हातावर ठेवली, आणि त्यांनी हात आडवा केला तो मानला नाही. मग सगळ्या पुन्हा मागांवर गेल्या. लग्नाच्या चादरी खरोखरच राहिल्या होत्या.

निघण्याच्या दिवशी घाटे टॅक्सी घेऊन आले. बरोबर दोन मोठे हार, संत्र्यांची करंडी आणि खिशात भाषण. शेडमधला आवाज ऐकून ते अंगणातच थांबले. "अहो, निरोपसमारंभ आहे ना? या सगळ्या काम काय करून राहिल्या? गाडीची वेळ झाली."

शेवंताबाई दारापर्यंत आल्या. हात सुताच्या तंतूंनी पांढरे होते.

"समारंभ नाई ठेवला. घरची बाई जाऊन राहिली, तिचा समारंभ कायले?"

"निदान हार तरी..."

"घरच्या माणसाले हार आपण फोटोलेच घालतो, घाटे साहेब. जित्या बाईले नका घालू."

घाट्यांनी हार टॅक्सीच्या मागच्या सीटवर ठेवले. कारेनबाई त्या दोन हारांच्या मधे बसल्या, पाय लांब करून. शेवंताबाईंनी खिडकीतून त्यांच्या हाताची बोटे उलटी-सुलटी करून पाहिली. सुताने कापल्याच्या बारीक रेघा होत्या. "तेल लावजो," त्या म्हणाल्या, आणि टॅक्सी हलण्याआधीच आत गेल्या.

गल्लीच्या वळणापर्यंत कारेनबाईंनी काच खाली ठेवली होती. पॉवरलूमच्या खडखडाटात आठ माग वेगळे ऐकू येत होते. त्यांतला एक मधेच थांबला, आणि कौसल्याचा आवाज आला, "कांडी वं!"

कांडी द्यायला कारेनबाईंचा हात मांडीवरून उचलला गेला. मग त्यांच्या लक्षात आले.